अनुवादाचे ६२,००० रुपये रिटर्नमध्ये कुठे दाखवू?

कृष्णाकाठ
मी सांगलीची, कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. रात्री जेवणं उरकली की अनुवाद करते. ठिबक सिंचनाच्या इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायच्या. काम मनापासून आवडतं. 'उपनळी' लिहिलं की कागदावर छान दिसतं, पण आमच्याकडचा द्राक्षबागायतदार लॅटरलच म्हणतो, म्हणून अडलेल्या एकेका शब्दासाठी मामांना फोन करते.

२०२५-२६ मध्ये पुण्याच्या एका संस्थेने या कामाचे ६२,००० दिले, १० टक्के कर आधीच (टीडीएस) कापून. कंपनीच्या फॉर्म १६ प्रमाणे पगार १२,४०,०००, नवी करप्रणाली. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ११,६५,००० राहतात, १२ लाखांच्या आत, त्यामुळे कंपनीने काहीच कर कापलेला नाही. बचत खात्याचं व्याज ३,२००. सगळं मिळून १२,३०,२०० होतात आणि कर येतोय ३१,४०८! ६२,००० कमावले आणि त्यातले निम्मे करात? वर्षभर जागलेल्या रात्री आठवल्या आणि रडूच आलं. माझं काही चुकतंय का? आणि रिटर्नचा नेहमीचा फॉर्म, आयटीआर-१, चालेल का?

त्याआधी २०२४-२५ मध्ये याच कामाचे २४,००० आले होते. टीडीएस कापला नव्हता, म्हणून दाखवले नाहीत. तेही मनाला टोचतंय.

रात्रपाळी
ताई, आयकराचं कलम ४४एडीए लावा. मी सॉफ्टवेअरची बाहेरची कामं घेतो, दरवर्षी आयटीआर-४ भरतो. जमेच्या निम्मा नफा धरायचा, खर्चाचा हिशोब द्यावा लागत नाही. तुमचे ३१,००० धरले तर एकूण ११,९९,२००. कर शून्य, वर कापलेले ६,२०० परत मिळतील.

जमाखर्च
मी मिरजेत रिटर्न भरून देण्याचं काम करतो. रात्रपाळी, तुम्हाला ४४एडीए लागतं, कारण माहिती तंत्रज्ञान त्या यादीत आहे. वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार, चित्रपट कलावंत असे ठरावीक पेशेच त्यात येतात. अनुवाद नाही. ताई, तुम्ही शिक्षणाने इंजिनिअर असाल तरी हे पैसे इंजिनिअरिंगचे नाहीत. कर शून्य होतोय म्हणून ते कलम लावू नका.

तुमचा आकडा बरोबर आहे. १२ लाखांपर्यंत कलम ८७ए ची सवलत ६०,००० पर्यंतचा कर माफ करते, त्यापुढे ती जाते. सरळ हिशोबाने उपकराआधी ६४,५३० भरावे लागले असते. पण १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढाच कर, ही सीमांत सवलत आहे, म्हणून ३०,२०० आणि त्यावर ४ टक्के उपकर. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत वरचा प्रत्येक रुपया असाच करात जातो. मलाही हे जाचक वाटतं, पण कायदा तसा आहे.

आता तुमच्या फायद्याचं. या पट्ट्यात खऱ्या खर्चाचा प्रत्येक रुपया करातून पुरा वाचतो, आणि तुम्ही खर्च धरलेलाच नाही! इंटरनेट, शब्दकोश, प्रिंटआउट, पुण्याच्या फेऱ्या, लॅपटॉपचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत). घरीही वापरत असाल तर कामापुरताच हिस्सा धरा. लॅपटॉपला घसारा ४० टक्के, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर २० टक्के. पावत्या जपा, आणि १२ लाखांच्या खाली यायचं म्हणून खर्च फुगवू नका.

आयटीआर-१ चालणार नाही. एखादंच व्याख्यान दिलं असतं तर मानधन 'इतर स्रोत' मध्ये दाखवता आलं असतं. तुमचं काम दुसऱ्या वर्षीही चालू आहे, तो व्यवसाय झाला, म्हणजे आयटीआर-३. फॉर्म बघून घाबरू नका. एवढ्या जमेला वह्या ठेवण्याची सक्ती नाही, हिशोबाच्या वह्या नसलेल्यांसाठी त्यात थोडक्यात भरायचा भाग आहे.

२०२४-२५ चे २४,०००: टीडीएसची मर्यादा तेव्हा ३०,००० होती, २०२५-२६ मध्ये ५०,०००. ती मर्यादा फक्त पैसे देणाऱ्याने कर कधी कापायचा यासाठी. उत्पन्न करपात्र होतंच. अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू भरा. ३१ मार्च २०२७ पर्यंत भरलंत तर कर आणि व्याजावर २५ टक्के जास्त द्यावे लागतील, त्यानंतरच्या वर्षात ५० टक्के.

मोडीवाचक
जुन्या करप्रणालीत असलेल्यांसाठी लिहितो. मी नोकरी सांभाळून मोडी कागदपत्रांचं लिप्यंतर करून देतो. नोकरदाराला रिटर्न भरतानाच जुनी प्रणाली निवडता येते, पण व्यवसायाचं उत्पन्न असलं की मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो न भरल्याने नवी प्रणाली लागली, आणि १८,००० च्या लिप्यंतरापायी गृहकर्जाच्या व्याजाची दोन लाखांची वजावट गेली. आणि पुढे नव्या प्रणालीत परतलात तर व्यवसाय चालू असेतो पुन्हा जुनीकडे येता येत नाही, म्हणून विचार करून ठरवा.

कृष्णाकाठ
जमाखर्च दादा, खूप आभार. रविवारी पावत्यांची पिशवी घेऊन बसले. इंटरनेट वर्षाचं ८,४००, निम्मं धरलं, ४,२००. लॅपटॉप नोव्हेंबरमध्ये ४८,००० ला घेतला. २० टक्क्यांनी ९,६००, त्यातही मुलगा अभ्यासाला वापरतो म्हणून निम्मे, ४,८००. शब्दकोश आणि शेतीची पुस्तकं ३,१००, प्रिंटआउट आणि कुरिअर २,४००, पुण्याच्या एसटीच्या दोन फेऱ्या १,९००. एकूण १६,४००. आता उत्पन्न १२,१३,८०० आणि कर १४,३५२. टीडीएस वजा जाता ८,१५२ भरायचे. वर्षभरात हप्त्यांनी भरायचा आगाऊ कर भरला नव्हता, त्याचं व्याज लागेल का?

जमाखर्च
नाही. टीडीएस वजा करून १०,००० च्या आत आहे, त्यामुळे आगाऊ कर तुम्हाला लागूच नव्हता. पुढच्या वर्षी मात्र डिसेंबरातच कंपनीला या उत्पन्नाची कल्पना द्या, त्या पगारातून कापतील. आणि कंपनी एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) तिच्या वाट्याचे पैसे भरते का, तेही विचारा. नव्या प्रणालीतही मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत ती वजावट मिळते. तुमच्यासारख्या काठावरच्या पगाराला तिचा मोठा उपयोग होईल.

कृष्णाकाठ
उद्याच एचआरला विचारते. कुरिअरच्या तीन पावत्या सापडल्या नाहीत, त्या वरच्या हिशोबात धरलेल्या नाहीत. आधी २४,००० चं आयटीआर-यू भरते, मग यंदाचं.