वरचा आकडा आणि नाकासमोरची हवा

गंगेच्या मैदानावर उपग्रहाला मे-जूनमध्येही भरपूर एरोसोल (हवेत तरंगणारे बारीक कण) दिसतं, मग पीएम २.५ हिवाळ्यातच का चढतं, असा प्रश्न नेहमी पडतो. दोन्ही मोजमापं बरोबर आहेत, पण वेगळ्या गोष्टींची. एरोसोल ऑप्टिकल डेप्थ म्हणजे जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या सगळ्या कणांनी मिळून प्रकाश किती अडवला, ते. पीएम २.५ मात्र आपण श्वासात घेतो त्या एका घनमीटर हवेतल्या बारीक कणांचं वजन. उन्हाळ्यात थरच्या वाळवंटाची धूळ काही किलोमीटर उंच चढते आणि तापलेली हवा सगळं वर मिसळून टाकते. डिसेंबरच्या रात्री दिल्लीत जमिनीलगतचा हा हवा मिसळणारा थर अगदी खाली बसतो आणि धूर त्यातच कोंडतो. शिवाय दमट हवेत कण फुगून जास्त प्रकाश अडवतात, पण पीएमचं वजन सहसा हवा सुकवून करतात.

म्हणून उपग्रहाच्या आकड्याचं पीएम २.५ मध्ये एकाच गुणकाने रूपांतर करू नका. थराची उंची आणि आर्द्रता घ्याच. कोणत्या उंचीवर किती कण आहेत असा उभा छेद हवा असेल तर कॅलिप्सो उपग्रहाच्या लायडारच्या (लेझरने मोजणाऱ्या उपकरणाच्या) २००६ ते २०२३ च्या नोंदी पाहा. मला जास्त काळजी वेगळीच वाटते: दाट धुक्यात उपग्रहाचं मोजमाप बहुधा गळतं, म्हणजे सर्वांत वाईट दिवसच सरासरीत येत नाहीत.