समुद्रतळावरची टेकाडं: दरडीतली की तिथलीच?

प्रश्न: मल्टीबीम (ध्वनिलहरींनी काढलेल्या समुद्रतळाच्या) नकाशात ज्वालामुखी बेटाच्या पायथ्याशी टेकाडं विखुरलेली आहेत. दरडीतून आलेली की तिथलेच छोटे ज्वालामुखी, हे कसं ओळखायचं?

उत्तर १: आकार बघा. ज्वालामुखी बहुधा गोलसर, शंकूसारखा. दरडीतला तुकडा कोनाकोनाचा, माथा कललेला. हवाईतल्या ओआहू बेटाच्या ईशान्येचा टस्कलूसा हा समुद्रातला डोंगर सुमारे ३० किमी लांब, १७ किमी रुंद, तरी तो ओआहूवरच्या कोओलाऊ ज्वालामुखीचा तुटलेला तुकडाच!

उत्तर २: नुसत्या आकारावर जाऊ नका, सपाट माथ्याचे ज्वालामुखीही असतात. लाव्हाच्या काचेचा (लाव्हा झटकन थिजून झालेल्या) नमुना तपासा. खोल पाण्याच्या दाबाखाली गंधक काचेत अडकून राहतं. जमिनीवर किंवा उथळ पाण्यात उडून जातं. खोल तळावर गंधक कमी, म्हणजे माल वरून आलाय.

प्रश्नकर्ता: आणि कडा एकदम कोसळला की टप्प्याटप्प्याने? त्सुनामीचं गणित त्यावरच आहे.

उत्तर २: त्यासाठी ढिगारा सोडा, दूरचा टर्बिडाइट (पाण्याखालच्या गाळाच्या प्रवाहाने पसरवलेला थर) बघा. एका प्रवाहाचा थर म्हणजे खाली भरड वाळू, वर बारीक चिखल. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफेच्या इकोद दरडीच्या थरात ही उतरंड एकावर एक अनेकदा येते, म्हणजे कडा हप्त्याहप्त्याने सुटला. फसगत इथेच होते: समोरच्या चढावर आपटून परतलेला प्रवाहही थर दुहेरी करतो. म्हणून समुद्रतळाच्या वेगवेगळ्या खोऱ्यांतले कोअर (गाळाचे उभे नमुने) जुळवा आणि प्रत्येक उपथरातल्या काचेचं रसायन वेगळं मोजा. ते बदलत गेलं तर परतीचा प्रवाह नव्हे.