स्वागतयात्रेचे फोटो: श्रेय कुठे द्यायचं?

तलावपाळीकर: ठाण्याच्या पाडवा यात्रेतले दुसऱ्याने काढलेले फोटो पथकाच्या इन्स्टाग्रामवर टाकायचेत. कॅप्शनमध्ये नाव पुरेल?

कोपरीवाला: पहिल्याच ओळीत 'छायाचित्र:' आणि पुढे @हँडल. हॅशटॅगांच्या ढिगाखाली कोण बघतंय! फोटोवरही टॅग करा, नुसत्या मेन्शनने पोस्ट त्याच्या प्रोफाइलच्या टॅग विभागात जात नाही. हँडल सुचवलेल्या यादीतूनच निवडा. एक अक्षर चुकलं की श्रेय भलत्यालाच.

ऐरोली_पूल: कोलॅबचं निमंत्रण पाठवा की. त्याने स्वीकारलं तर पोस्ट दोन्ही प्रोफाइलवर.

कोपरीवाला: चालेल, पण परवानगी आधी. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सहसा फोटो काढणाऱ्याचा; पथकाने पैसे देऊन काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पथकाचा. वॉटरमार्क मात्र कापू नका.

तलावपाळीकर: पैसे दिले नव्हते. आजच विचारतो.