पगारवाढ आणि स्किल मॅट्रिक्स एकत्र नको: तुमचं मत काय?

वाडीकर (धागाकर्ता)

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी ट्रेनिंगचं काम बघतो. आमच्याकडे प्रत्येक विभागात भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेला आहे. डावीकडे माणसांची नावं, वर कामं, आणि प्रत्येक चौकटीत चार पाकळ्यांचं वर्तुळ. एक पाकळी रंगवली म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कुणी बाजूला असेल तर करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. यंदा मॅनेजमेंटच्या मनात आहे की या पाकळ्यांची बेरीज करून त्यावरच इन्क्रीमेंट ठरवायचं. माझा याला ठाम विरोध आहे.

वाइंडिंगचंच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी बनवण्याचं काम घ्या. डिस्क वाइंडिंगमध्ये कागद चढवलेल्या तांब्याच्या दोन-तीन पट्ट्या एकदमच शेजारी शेजारी गुंडाळत जातात. आतली पट्टी शेवटपर्यंत आतच राहिली तर तिची लांबी कमी भरते, बाहेरचीची जास्त, मग पट्ट्यांमध्ये आपसांत प्रवाह फिरतो आणि लॉसेस, म्हणजे वाया जाणारी वीज, वाढतात. म्हणून ठरलेल्या ठिकाणी पट्ट्यांच्या जागा बदलतात, त्याला ट्रान्सपोझिशन म्हणतात. तिथे पट्टी वाकवताना कागद फाटता कामा नये, वाकणावर जादा कागद घट्ट बसला पाहिजे आणि क्रम चुकता कामा नये. चूक झाली तर वरून काही दिसत नाही. टेस्टिंगला उघडी पडते, आणि तोवर जॉब टाकीत गेलेला असतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका चांगल्या वाइंडरशी याच कामाबद्दल बोलत होतो. तो म्हणाला, "दोन पट्ट्यांचं असेल तर बिनधास्त करतो साहेब. तीन आल्या की मधलीचा गोंधळ होतो, मग शेजारच्याला हाक मारतो." भिंतीवर त्याच्या तीन पाकळ्या रंगवलेल्या होत्या. आम्ही त्याला जुन्या वाइंडरबरोबर तीन पट्ट्यांच्या जॉबवर बसवलं आणि तो ते शिकला. त्या वर्षातलं आमच्या विभागाचं सगळ्यात उपयोगी ट्रेनिंग तेच, आणि ते निघालं त्याच्या तोंडच्या एका वाक्यातून. हेच सांगितल्याने घरी जाणारे पैसे कमी होणार असतील, तर पुढच्या वर्षी मला ते कोण सांगेल?

म्हणून माझं म्हणणं असं की स्किल मॅट्रिक्स फक्त कुणाला काय शिकवायचं हे ठरवण्यासाठी वापरावा. पगाराचा हिशेब वेगळा, वेगळ्या महिन्यात आणि वेगळ्या कागदावर. ज्यांचा कारखान्यांशी संबंध आहे त्यांनी लिहावं, विरोधी मत असेल तर जरूर लिहावं.

रावपुऱ्यातून

मी विरोधी बाजूचा. माझं मशीन शॉप आहे, चाळीसेक माणसं. तुमच्या कारखान्यात ट्रेनिंगसाठी वेगळा माणूस असतो, माझ्याकडे मीच शेठ, मीच एचआर.

लेथवरचा मुलगा व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) शिकला. रोज शिफ्ट संपल्यावर तासभर थांबून शिकला. वर्षअखेरीस त्याच्या हातात तेवढेच पैसे पडले, जेवढे न शिकणाऱ्याच्या हातात पडले, तर तो मला काय म्हणेल? आणि त्याच्याकडे बघणारे बाकीचे काय ठरवतील? "शिकून काय मिळणार" हा प्रश्न आमच्याकडे तोंडावर विचारतात, आणि तो रास्त आहे. शिकण्याचा मोबदला न देणं हे माझ्या मते अन्यायाचं आहे, त्याला विकासाची योजना असं नाव दिलं तरी.

तुमचा वाइंडर खरं बोलला कारण तुमच्यावर त्याचा विश्वास होता. पैसे जोडले नव्हते म्हणून बोलला, असं कशावरून?

मांजलपूरकर

मी एचआरमध्येच आहे आणि या वादात वाडीकरांच्या बाजूने आहे. कारण हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही बरंचसं जुनं आहे.

अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत यावर अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष 1965 साली छापून आले. वर्षातून एकदा साहेब समोर बसून उणिवा सांगतो आणि त्याच बैठकीत पगारही ठरतो, तेव्हा माणूस स्वतःचा बचाव करण्यात गुंततो आणि टीका झालेल्या बाबतीत त्याची सुधारणा उलट कमीच होते, असं त्यात दिसलं. सुधारणा झाली ती जिथे नेमकी उद्दिष्टं ठरली आणि शिकवणं वर्षभर चालू राहिलं तिथे. त्यांनी सुचवलं तेच वाडीकर म्हणताहेत: पगाराचं बोलणं आणि सुधारणेचं बोलणं वेगवेगळ्या वेळी करा.

आणि हे काही फक्त तिकडचं नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यात लार्सन अँड टुब्रोसाठी जी रचना सुचवली, तिच्यात झालेल्या कामाचं मूल्यमापन, पुढच्या कामासाठीची क्षमता, समुपदेशन आणि प्रशिक्षण हे वेगवेगळे भाग होते. आपल्या देशात एचआरडी (मनुष्यबळ विकास) नावाचा विभाग सुरू झाला तो त्यातूनच. आज बऱ्याच ठिकाणी हे सगळे भाग पुन्हा एकाच फॉर्मवर आणून बसवले आहेत. फॉर्म भरायला सोपा जातो, माणूस मात्र त्यातून कळत नाही.

रावपुऱ्यातून, तुमच्या मुलाला पैसे मिळालेच पाहिजेत. पण तो व्हीएमसी चालवतो म्हणून द्या, त्या कामाचा दर म्हणून द्या. पाकळ्या मोजून देऊ नका.

रावपुऱ्यातून

ताई, व्हीएमसी चालवतो हे मला कळणार कुठून? पाकळीतूनच ना? फिरून तिथेच आलो आपण.

ऑडिटवाला

दोन्ही बाजू पाकळी खरी आहे असं धरून चालल्या आहेत. मी आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाची ऑडिट करतो. वडोदरा, हालोल, सावली, वाघोडिया या पट्ट्यातले खूप स्किल मॅट्रिक्स बघितले आहेत. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात एका पेनाने, एका बैठकीत रंगवलेला तक्ता लगेच ओळखू येतो. नवा मुलगा रुजू होऊन महिना झालेला आणि त्याच्या नावापुढे तीन पाकळ्या. सुपरवायझरला विचारलं की कशावरून, तर उत्तर येतं, "येतं त्याला, मी बघतो ना रोज."

2015 च्या आवृत्तीत 7.2 हे कलम याच विषयाचं आहे. ते म्हणतं: कामाला कोणती क्षमता लागते ते ठरवा, माणसात ती आहे याची खात्री करा, कमी असेल तर उपाय करा, त्या उपायाचा परिणाम झाला का ते तपासा आणि पुरावा ठेवा. लोक पहिलं आणि शेवटचं करतात. परिणाम तपासणं म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर "कसं वाटलं" असा फीडबॅक फॉर्म भरून घेणं, अशी समजूत झाली आहे. प्रशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच चार पायऱ्या मांडल्या होत्या: आवडलं का, शिकला का, कामात उतरलं का, निकालात फरक पडला का. आपण पहिल्या पायरीवर फाइल बंद करतो.

वेल्डिंगमध्ये बघा कसं असतं. वेल्डरची पात्रता सुपरवायझरच्या मतावर ठरत नाही. तो टेस्ट पीस (चाचणीचा तुकडा) वेल्ड करतो, त्याची बेंड टेस्ट (वाकवून तपासणी) नाहीतर रेडिओग्राफी (एक्स-रे सारखी तपासणी) होते, आणि पास झाला तरच त्या पोझिशनच्या (आडवं, उभं, डोक्यावर अशा) वेल्डिंगला हात लावतो. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेच्या नियमावलीतल्या सेक्शन 9 प्रमाणे त्या प्रोसेसने 6 महिने वेल्डिंग केलं नाही तर पात्रताही संपते. तिथे कुणी रुसत नाही, कुणी लपवत नाही. पगार जोडायचा की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी मोजमाप खरं करा.

जुना_फिटर

ऑडिटवाले बरोबर बोलले, पण वेल्डिंगचा निकष सगळीकडे लावू नका. आयटीआय करून लागलो तेव्हापासून निवृत्तीपर्यंत असेंब्लीत काढली. बेअरिंग बसवताना हाताला जे कळतं ते टेस्ट पीसमध्ये येत नाही. आणि चौथी पाकळी, शिकवण्याची, तिची कुठली बेंड टेस्ट काढणार? आमच्यात उत्तम कारागीर होते जे शेजारी कुणी उभं राहिलं की पाठ फिरवून काम करायचे. त्यांना चार पाकळ्या कशा द्याल? शिकवणारा किती चांगला आहे हे त्याच्या हाताखालच्या पोरांच्या कामावरून ठरवा.

पैशाचं म्हणाल तर मी रावपुऱ्यातून यांच्याशी सहमत आहे. आम्हाला शाबासकी भरपूर मिळाली. तिच्यावर मुलांच्या फिया भरल्या गेल्या नाहीत.

रावपुऱ्यातून

काका, हेच म्हणतोय मी.

आणि दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. मी शिकवतो आणि माणूस हालोलला जातो, मोठ्या कंपनीत. तिथे बस आहे, कँटीन आहे, माझ्याकडे नाही. माझं शिकवणं त्यांच्या कामाला येतं. विकासाची योजना करा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. मी तर आता शिकवण्याआधी बॉन्ड (मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार) लिहून घ्यायच्या विचारात आहे. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात 3 वर्षांचा, 2 लाखांचा बॉन्ड वैध ठरवला आहे.

मांजलपूरकर

तो निकाल मीही वाचला आहे. तिथे बँकेला भरतीसाठी पुन्हा जाहिरात, परीक्षा, मुलाखती असा सगळा खर्च करावा लागतो, हे कोर्टाने लक्षात घेतलं. तुमच्या ऑपरेटरकडून 2 लाख मागाल तर तेवढं नुकसान झालं हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल.

बॉन्डचं सगळ्यात मोठं उदाहरण याच शहरातलं आहे. सयाजीराव महाराजांनी 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करार होता परत येऊन 10 वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा. 1917 मध्ये ते करार पाळायला बडोद्याला आले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकायचे, आणि राहायला गावात जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं. शेवटी त्यांना बडोदा सोडावं लागलं. त्याच आठवणीच्या, सयाजीबागेजवळच्या संकल्प भूमी या स्मारकावरून आपण सगळेच जात-येत असतो.

ही गोष्ट एवढी मोठी आहे की तिची तुलना मशीन शॉपशी करणं मला जड जातं. तरीही लिहिते, कारण शिकवण्यावर खर्च करणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. महाराजांनी माणूस ओळखला, शिकवला, बोलावूनही घेतला. त्याला सन्मानाने काम करू देणारी जागा मात्र संस्थानात नव्हती. ती नसेल तर कराराचा कागद काही धरून ठेवत नाही.

रावपुऱ्यातून

हे वाचून थोडा वेळ थांबलो. बॉन्डचा विचार सोडला असं म्हणणार नाही. पण कँटीनचं आधी बघतो.

गोत्री_रोड

मी एका कारखान्यात कंत्राटावर आहे, क्वालिटीत. तुमची सगळी चर्चा वाचली. आमची नावं त्या तक्त्यात नसतातच. गेज लावणं, रीडिंग घेणं, रिजेक्शन बाजूला काढणं हे आमचं काम, पण ट्रेनिंगला बोलावतात कंपनीच्या माणसांना. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कंपनी बघेल, कंपनी म्हणते कॉन्ट्रॅक्टर बघेल. पगाराशी जोडा की तोडा, आधी आम्हाला तक्त्यात घ्या.

ऑडिटवाला

हे मीच आधी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. 7.2 मध्ये "कर्मचारी" असा शब्दच नाही. संस्थेच्या नियंत्रणाखाली काम करणारी व्यक्ती, असं आहे. गेज तुमच्या हातात असेल तर तुमचं नाव तक्त्यात असलंच पाहिजे, पगाराची स्लिप कुणाचीही असो. पुढच्या ऑडिटला कंत्राटी माणसांच्या क्षमतेचा पुरावा मागितला तर कंपनीला तो द्यावाच लागेल. अप्रेंटिसच्या नियमातही तेच आहे. 30 किंवा जास्त माणसं असली की अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात, आणि ती माणसं मोजताना कंत्राटी धरतात. मोजायला धरायचं आणि शिकवायला वगळायचं, हे चालणार नाही.

वाडीकर (धागाकर्ता)

सगळ्यांचं वाचलं. पाकळ्यांची बेरीज करून इन्क्रीमेंट ठरवायला माझा विरोध कायम आहे. पण रावपुऱ्यातून आणि काका म्हणतात तसं शिकणाऱ्याच्या हातात काही पडलंच पाहिजे, त्यासाठी मॅनेजमेंटपुढे असं मांडणार आहे.

तक्ता ट्रेनिंगसाठीच. त्यात कंत्राटी माणसंही. पाकळी माणसाने स्वतः आधी भरायची, मग सुपरवायझरने, आणि दोघांत फरक आला तर तिथे शिकवायचं. पैशासाठी वेगळी चाचणी, मागेल त्याने द्यायची, पास झाला तर त्या कामाचा भत्ता त्याच महिन्यापासून. नापास झाला तर काहीही कापायचं नाही आणि पुन्हा कधीही देता येईल. चौथ्या पाकळीसाठी काकांचा निकष: शिकवलेला मुलगा चाचणीत पास झाला तर शिकवणाऱ्यालाही भत्ता.

रावपुऱ्यातून

भत्त्याचं मला पटलं, परवडेलही. पण चाचणी तपासणार कोण? सुपरवायझर असेल तर सगळं परत तिथेच येईल.

वाडीकर (धागाकर्ता)

सुपरवायझर नाही. तीन पट्ट्यांचा छोटा नमुना गुंडाळायला द्यायचा, त्यावर फक्त नंबर, नाव नाही. क्वालिटीवाले वाकणावरचा कागद उलगडून बघतील, तांबं कुठे उघडं पडलंय का, पट्ट्यांचा क्रम बरोबर आहे का, एवढंच. नमुना नंतर वाइंडरच्या हातात परत द्यायचा, म्हणजे कुठे चुकलं ते त्याला स्वतः बघता येईल.

गोत्री_रोड

आणि आमच्या भत्त्याचं? तो कॉन्ट्रॅक्टर देणार की कंपनी?

वाडीकर (धागाकर्ता)

कंपनीने द्यावा, कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात वेगळी ओळ टाकून, म्हणजे मध्ये कापला जाणार नाही. यावर अकाउंट्सचा विरोध होईल हे धरूनच चाललोय. तुमच्याकडे कुणी असं बिल लावलं असेल तर त्याचा नमुना मला हवा आहे.