पाळी गेल्यापासून सारखं युरिन इन्फेक्शन, काय करू?

कृष्णाकाठ: पाळी बंद होऊन दीडेक वर्ष झालं, तेव्हापासून उन्हाळी लागल्यासारखं सारखं चालूच आहे. लघवीला जळजळ, जाऊन आलं की लगेच परत लागल्यासारखं वाटतं आणि होते चार थेंब. डॉक्टर दरवेळी अँटिबायोटिक देतात, जरा बरं वाटतं की परत तेच. सासूबाईंच्या मते अंगात उष्णता आहे, त्यामुळे धन्याचं पाणी, सब्जा सगळं पिऊन झालं. कुणाला कशाने फरक पडला का?

निमाताई: लघवीचं कल्चर केलंस का? गोळी सुरू करायच्या आधी सॅम्पल द्यायचं हां, पहिली धार सोडून मधली. लघवीच्या साध्या रुटीन तपासणीत नुसते पस सेल (पू-पेशी) दिसतात, कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध चालेल ते कल्चरमध्येच कळतं. शुगर पण बघून घे.

ओपीडीवाली: सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला रिकरंट, म्हणजे परत परत होणारं, म्हणतात, मग नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, योनीची त्वचा पातळ, कोरडी होते, तिथले चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात, आम्लपणा जातो आणि गुदद्वाराकडच्या ई. कोलाय जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणून गायनॅकला योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. साधारण दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, बऱ्याच जणी पंधरा दिवसांत कंटाळून सोडतात.

कृष्णाकाठ: हार्मोन म्हटलं की भीतीच वाटते हो, कॅन्सरबिन्सर?

ओपीडीवाली: क्रीममधून रक्तात फार थोडं जातं, पोटातून घ्यायच्या गोळ्यांसारखं नाही ते. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं असेल तर आधी तपासणी. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असं काही झालं तर धन्याचं पाणी पीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

निमाताई: आणि त्रास काहीच नसताना उगाच कल्चर करू नकोस. या वयात जंतू नुसते सापडू शकतात, त्याला औषध लागत नाही.

कृष्णाकाठ: गायनॅकची अपॉइंटमेंट घेतली. क्रीमचा तो अ‍ॅप्लिकेटर दरवेळी नवा लागतो का?

ओपीडीवाली: बहुतेक क्रीमचा धुऊन परत वापरता येतो, कोमट पाणी आणि साबण, उकळायचा नाही. आतला कागद बघाच एकदा.