बारावी राजस्थानातल्या कोटा शहरात केली म्हणून मुलगी परराज्यातली कशी झाली?

परभणीकर:
मुलीचा जन्म परभणीचा, दहावीपर्यंत शाळा इथलीच, डोमिसाइल आहे. अकरावी-बारावीला क्लाससाठी कोटा शहरात पाठवली आणि तिथल्याच शाळेत रीतसर नाव घातलं. नीटला, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेला, मार्क चांगले पडले. पण कागदपत्रं तपासणाऱ्या मॅडमनी बारावीच्या मार्कशीटवर शाळेच्या गावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, स्टेट कोटा, म्हणजे राज्यातल्या मुलांसाठीच्या राखीव जागा, मिळणार नाही, दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच लागते. म्हणजे सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा एका झटक्यात गेल्या, उरल्या ऑल इंडियाच्या १५ टक्के, तिथं अख्ख्या देशाशी गाठ. डीम्डचे, म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठाचे, वर्षाला २०-२५ लाख मी आणू कुठून? डोमिसाइल बघा ना, बारावीचं गाव काय बघता.

लातूरची मावशी:
दादा, पोरीसाठी जीव तुटतो, पण नियम बरोबरच आहे. नुसत्या डोमिसाइलवर सोडलं तर लोक दोन राज्यांचे दाखले काढून दोन्हीकडे फॉर्म भरतील. आमच्या लातुरात खेड्यातून आलेली पोरं खोली करून, डबा लावून दोन वर्षं घासतात, त्यांची सीट का जावी? केंद्र सरकारच्या नोकरीत, सैन्यात बदली झालेल्यांच्या मुलांना सवलत आहेच की.

परभणीकर:
मावशी, कोटा शहरात माझ्या मुलीच्या हॉस्टेलवर आपल्याकडच्याच मुली होत्या, नाव इथल्या ज्युनिअर कॉलेजात, वर्गात एक दिवस नाही, फक्त प्रॅक्टिकल आणि बोर्डाच्या पेपरला गावाकडं. त्या स्टेट कोट्यात बसतात आणि जिनं खरं नाव घातलं ती बाहेर! हा कुठला न्याय?

नगरचा डॉक्टर:
मी परभणीकरांच्या बाजूनं. मावशी, आपल्याच राज्यात ७०:३० होतं, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाकीच्यांना, तेव्हा मराठवाड्याची पोरं जास्त मार्क असून मागं राहायची, कारण तिकडं कॉलेजंच कमी. २०२० ला ते गेलं तेव्हा लातूरकर खूश झाले होते ना? जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पीजीचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर जागांचं, रहिवासी आरक्षणसुद्धा घटनाबाह्य ठरवलं.

लातूरची मावशी:
पीजीचं, डॉक्टर. एमबीबीएसला त्याच कोर्टानं काही प्रमाणात मुभा ठेवलीये. आणि ७०:३० मध्ये आपलीच पोरं आपल्यात वाटली जायची, त्याची याच्याशी तुलना नको. पण डमीचं, म्हणजे नुसतं कागदावर नाव घालण्याचं, परभणीकरांचं म्हणणं मला पटतंय. नियम ठेवा, पण हजेरी खरी तपासा, मग कोटा शहरात पाठवायच्या आधी आईबाप दहादा विचार करतील.

परभणीकर:
पुढच्यांना उपयोग होईल, माझ्या मुलीला नाही. आज रात्री ऑल इंडियाचे चॉइस भरायचेत. कुठल्या राज्यात शिकून झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचा बाँड कमी वर्षांचा आहे, कुणाचं मूल शिकत असेल तर सांगा.