मदत हवी आहे: रॅडबर्नचे १८८४ मधले विजय ५९ लिहू की ६०?

नमस्कार मंडळी,

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बेसबॉलवर लेख लिहिते आहे. मंडळ ऱ्होड आयलंडमधलं, म्हणून विषयही प्रॉव्हिडन्सचाच घेतला. प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाचा १८८४ चा हंगाम आणि त्यांचा पिचर (चेंडू टाकणारा) चार्ल्स रॅडबर्न, ज्याला लोक 'ओल्ड हॉस' म्हणत. लेख होत आलाय, पण एका आकड्यावर गाडी अडली आहे. बेसबॉलमध्ये संघाचा प्रत्येक विजय एका पिचरच्या नावावर मांडतात. त्या हंगामात रॅडबर्नच्या नावावर विजय किती, ५९ की ६०? छापील पुस्तकांत दोन्ही आकडे सापडतात. 'सुमारे साठ' असं मोघम लिहायची माझी तयारी नाही.

ज्यांना हा हंगाम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, म्हणजे माझी अडचण लक्षात येईल.

नॅशनल लीगमध्ये तेव्हा आठ संघ होते. ग्रेजनी ८४ सामने जिंकले, २८ हरले आणि बॉस्टनला मागे टाकून पहिला नंबर पटकावला. खेळ आजच्यापेक्षा बराच वेगळा. हात खांद्यावरून आणून चेंडू टाकायची मोकळीक लीगने त्याच वर्षी दिली. आजच्यासारखे चार नव्हे, सहा बॉल (फटक्याच्या टप्प्याबाहेर टाकलेले चेंडू) पडल्यावर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळे. चेंडू उंच हवा की खाली, हे फलंदाज स्वतः सांगे. आज पिचर साठ फूट सहा इंचांवरून टाकतो, तेव्हा पन्नास फुटांवरून टाकत असे.

सगळ्यात महत्त्वाचा फरक खेळाडू बदलण्याचा. आजच्या बेसबॉलमध्ये पिचर थकला की राखीव पिचर ताज्या दमाने आत येतो. तेव्हा दुखापत किंवा आजारपण असल्याशिवाय बाहेरचा माणूस घेताच येत नसे. पिचर बदलायचा तर मैदानातल्याच नऊ जणांतून, क्रिकेटमध्ये कप्तान अकरातल्याच कुणाच्या तरी हाती चेंडू देतो तसं. म्हणून दुसरा पिचर बहुधा राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या बाजूला, दूरवर) उभा केलेला असे, आणि वेळ आली की दोघं जागा बदलत. आपल्या वाचकाला हे चटकन कळेल, आणि माझ्या मते या हंगामाची सगळी गोष्ट याच एका नियमाभोवती फिरते.

हंगामाच्या सुरुवातीला ग्रेजकडे दोन तगडे पिचर होते, रॅडबर्न आणि चार्ली स्वीनी. ७ जूनला स्वीनीने बॉस्टनचे १९ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइक घेऊन बाद केले. नऊ इनिंग्जच्या (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी, पाळीत तीन गडी बाद) सामन्यात त्याच्या पुढे जायला १९८६ साल उजाडावं लागलं, तेव्हा रॉजर क्लेमेन्सने २० केले. रॅडबर्न आणि स्वीनीचं एकमेकांशी पटत नव्हतं. जुलैच्या मध्यात बॉस्टनविरुद्ध मन लावून खेळला नाही असा ठपका ठेवून रॅडबर्नला निलंबित केलं. मग २२ जुलैला फिलाडेल्फियाविरुद्ध ग्रेज ६-२ ने पुढे असताना मॅनेजर फ्रँक बँक्रॉफ्टने स्वीनीला सांगितलं, तू राइट फील्डला जा, आता तिथला मिलर टाकेल. स्वीनीने साफ नकार दिला आणि मैदान सोडून चालता झाला. बदली खेळाडू घेता येईना. आउटफील्डला (मैदानाच्या दूरच्या भागात) तिघांऐवजी दोघंच उरले, आठ जणांनी सामना पुरा केला आणि ग्रेज १०-६ ने हरले.

स्वीनीची हकालपट्टी झाली. संघच गुंडाळावा की काय, इथवर गोष्टी गेल्या. तेव्हा रॅडबर्न पुढे आला: उरलेला हंगाम मी टाकतो, पण पैसे वाढवून द्या आणि पुढच्या वर्षासाठी मला बांधून ठेवू नका. मालक कबूल झाले. पुढे ग्रेजनी ओळीने २० सामने जिंकले. हंगामाअखेर रॅडबर्नच्या नावावर ६७८ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग्ज होत्या. म्हणजे एकट्याने समोरच्या संघांचे २०३६ गडी बाद होईपर्यंत चेंडू टाकला. ७३ सामने त्याने सुरू केले आणि ७३ च्या ७३ शेवटपर्यंत टाकले. सकाळी केस विंचरायला हात वर जात नसे असं त्याच्याबद्दल सांगतात, आणि हे आकडे पाहिल्यावर मला ते खरं वाटतं.

आता माझी अडचण. २८ जुलै, पुन्हा फिलाडेल्फियाच समोर. सुरुवात मिलरने केली. त्याने पाच इनिंग्ज टाकल्या तेव्हा ग्रेज ३-४ ने मागे होते. सहाव्या इनिंगच्या वरच्या (म्हणजे पहिल्या) अर्ध्यात ग्रेजनी चार रन काढल्या, ७-४ झाले. मग चेंडू रॅडबर्नकडे आला. उरलेल्या चार इनिंग्जमध्ये त्याने एकही रन दिली नाही, ग्रेज ११-४ ने जिंकले. स्कोअररने विजय रॅडबर्नच्या नावावर मांडला. आजच्या नियमाने तो मिलरचा, कारण आघाडी मिळाली तेव्हा रॅडबर्न अजून आला नव्हता, हिशेबात तोच पिचर होता.

तर प्रश्न दोन:

१. ५९ लिहू की ६०? का, तेही सांगा.
२. २०३६ गडी हा आकडा षटकांत मांडून दाखवावा का? क्रिकेटवाल्यांना जवळचा वाटेल, पण त्यात गफलत होईल अशी धास्ती वाटते.

प्रतिसाद

ताई, ५९ लिहा. विजय कुणाच्या नावावर मांडायचा याचा पक्का नियम १९५० मध्ये लिहिला गेला. त्याआधी ज्या त्या स्कोअररची मर्जी चाले. तुम्ही रॅडबर्नची तुलना नंतरच्या पिचरांशी करणार असाल तर सगळ्यांना एकच माप लावायला हवं. एका विजयाने त्याचं काही कमी होत नाही, ५९ च्या आसपासही आज कुणी फिरकत नाही.

षटकांच्या भानगडीत पडू नका. एक गडी बाद करायला किती चेंडू लागले याची नोंद तेव्हा ठेवत नसत, त्यामुळे षटकं काढाल ती अंदाजपंचेच असतील. २०३६ हा आकडा आहे तसाच बोलका आहे.

प्रतिसाद

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे, जिल्हा पातळीवरच्या सॉफ्टबॉल सामन्यांचं स्कोअरशीट बरीच वर्षं लिहितो आहे. माझं मत ६०. जो स्कोअरर त्या दिवशी मैदानावर बसला होता, त्याने दोघांचंही टाकणं डोळ्यांनी पाहिलं. चार रन देणारा एक, शून्य देणारा एक. तेव्हाच्या रिवाजाला धरून त्याने निकाल दिला. जो नियम तेव्हा अस्तित्वातच नव्हता, तो लावून आपण मागाहून त्याची वही खोडायची नसते. सहा बॉलचा नियम आपण मागे जाऊन चार करत नाही, मग हाच का बदलायचा?

प्रतिसाद

दोघांचंही पटतं, पण मिलरचा विचार कुणीच करत नाहीये. सगळा वाद रॅडबर्नच्या एका विजयाचा म्हणून चाललाय. तो मिलरचाही एक विजय आहे, आणि त्याच्यासारख्या पिचरला एकेक विजय मोलाचा. २२ तारखेला स्वीनी ज्याच्यासाठी हटायला तयार नव्हता तोही मिलरच. लेखात त्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा द्या.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. षटकांचा विचार सोडला, २०३६ तसाच ठेवते.

सर, तुमचा मुद्दा मला पटला होता, पण मिलरवरचा प्रतिसाद वाचून माझा कौल ५९ कडे गेला. लेखात २८ जुलैचा सामना पूर्ण सांगणार आहे, स्कोअररने काय मांडलं आणि का, हेही. म्हणजे ६० कुठून आले ते वाचकाला कळेल. लेखातल्या आकड्यांच्या चौकटीत मात्र ५९ विजय, १२ पराभव असंच जाईल.

आणखी एक मदत हवी आहे. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सशी (दुसऱ्या लीगच्या विजेत्या संघाशी) झालेले तिन्ही सामने रॅडबर्ननेच टाकले आणि जिंकले, ६-०, ३-१, १२-२. हे सामने लीगबाहेरचे, म्हणून चौकटीत धरलेले नाहीत. त्यांच्यासाठी खाली वेगळी ओळ टाकू की लेखाच्या मजकुरातच राहू देऊ? सर, तुम्ही स्कोअरशीट लिहिता, साखळी सामने आणि अंतिम सामने वेगळे कसे दाखवता ते सांगाल का?